पत्ता लिहू नये असा ‘अ‍ॅड्रेस’

वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेत ‘अ‍ॅड्रेस’ नावाचा एक टॅग आहे. त्यात पत्ता लिहायचा नसतो.

नेमके सांगायचे तर पत्ता लिहिला तरी चालतो, पण तो पत्ता आहे एवढ्याच कारणासाठी लिहून चालत नाही. ते पान किंवा तो लेख ज्याचा आहे, त्याच्याशी संपर्क कसा साधावा एवढेच या टॅगमध्ये सांगावे, असा मानकाचा दंडक आहे. लग्नपत्रिकेचे पान घ्या. मंगल कार्यालयाचा पत्ता, म्हणजे गल्ली, पेठ, ‘पेट्रोल पंपासमोर’ या खुणेसकट सगळा, ‘अ‍ॅड्रेस’मध्ये बसत नाही, कारण पत्रिका कार्यालयाने काढलेली नाही. निमंत्रक म्हणून नाव असलेल्या वराच्या काकांचा मोबाइल नंबर मात्र त्यात चपखल बसतो. हे पहिल्यांदा ऐकणारा नवशिक्या आणि त्याचे काम तपासणारा वरिष्ठ यांच्यातला संवाद साधारण असा होतो.

“मग कार्यालयाचा पत्ता कशात लिहायचा, सर?”

“‘पी’मध्ये.”

“‘पी’ म्हणजे परिच्छेद ना? पत्ता हा परिच्छेद आहे?”

“नाही. पण ‘अ‍ॅड्रेस’पेक्षा तो परिच्छेदच जास्त आहे.”

टॅगचे वय पाहता त्याला दोष देणे कठीण आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टॅगांची पहिली यादी केली, तेव्हा तिच्यात दीड डझनाच्या आसपास टॅग होते आणि ‘अ‍ॅड्रेस’ हा त्यांतला एक. शास्त्रज्ञाने कागदाच्या तळाशी नाव घालून सही ठोकावी, त्याची ही सोय. त्या वेळी वेबवर मंगल कार्यालये नव्हती आणि वराचे काकाही नव्हते. आज भाषेत शंभरावर टॅग आहेत आणि काका सगळीकडे आहेत.

टॅगला अर्थ असतो म्हणजे काय, हे समजायला स्वयंपाकघरातली फळी पुरते. एका मापाचे, एका चकाकीचे स्टीलचे डबे रांगेत असतात. साखर कोणती आणि रवा कोणता हे डब्यावरची चिठ्ठी सांगते. चिठ्ठ्या नसलेल्या घरातही चहा गोड होतो, कारण घरच्यांना डबे पाठ असतात. पंचाईत होते ती पाहुण्याने चहा करायला घेतला की. पडदा डोळ्यांनी पाहणारा वाचक हा घरचा माणूस. अक्षर मोठे आणि ठळक दिसले की हे शीर्षक, हे तो न सांगता ओळखतो. दृष्टिहीन वाचकाला पान मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हा पाहुणा. तो चिठ्ठी वाचतो आणि सांगतो: ‘शीर्षक, पातळी दोन’, ‘यादी, सात नोंदी’, ‘बटण’. म्हणून चिठ्ठी खरी असावी, यालाच ‘सिमँटिक एचटीएमएल’ म्हणतात. इथपर्यंत कोणाचाच मतभेद नाही. चिठ्ठीवर काय लिहायचे या प्रश्नापासून मतभेद सुरू होतात आणि तीस वर्षांत ते मिटलेले नाहीत.

नव्वदच्या दशकात हा प्रश्नच नव्हता, कारण फळीवर एकच चिठ्ठी होती: ‘टेबल’. पानाची मांडणी तक्त्यात करायची, तक्त्याच्या घरात दुसरा तक्ता, त्याच्या घरात तिसरा. दोन गोष्टींत अंतर हवे असेल तर मधे एक पिक्सेल रुंदीचे अदृश्य चित्र ठेवून ते हवे तेवढे ताणायचे. वेब डिझायनर डेव्हिड सीगल यांच्या १९९६ सालच्या पुस्तकाने या युक्तीला प्रतिष्ठाही मिळवून दिली. मग सुधारकांची पिढी आली. तक्ता आकडेवारीसाठी असतो, असे तिने ठणकावले, आणि टेबले गेली. त्यांच्या जागी ‘डिव्ह’ आले. तक्त्यातल्या तक्त्यातल्या तक्त्याच्या जागी डिव्हमधल्या डिव्हमधला डिव्ह आला आणि या अवस्थेला सांधेदुखीच्या चालीवर ‘डिव्हायटिस’ असे नाव पडले.

‘डिव्ह’ला काहीच अर्थ नाही. त्यामुळे तज्ज्ञांचे ज्याच्या अर्थाबद्दल कधीही भांडण झालेले नाही, असा टॅग बहुधा हा एकच. दुसरा कोणताही टॅग लागू पडत नसेल तेव्हा, अगदी शेवटचा उपाय म्हणून, डिव्ह वापरावा असे मानक बजावते. वेबवर सगळ्यांत जास्त वापरला जाणारा टॅग तोच आहे. आगगाडीतली साखळी संकटकाळी ओढायची असते; इथे लोक पंखा लावायलाही तीच ओढतात.

मात्र अर्थाची भूक लोकांना नव्हती असे नाही. गूगलमध्ये काम करणारे इयन हिक्सन यांनी २००५ मध्ये एक अब्जाहून अधिक पाने चाळून पाहिली, तेव्हा लोक आपापल्या टॅगांना ‘फुटर’, ‘मेनू’, ‘टायटल’, ‘हेडर’, ‘नॅव्ह’ अशी नावे देत असल्याचे दिसले. डबे तेच होते, चिठ्ठ्या घरोघर हाताने चिकटवल्या जात होत्या. पुढे ‘हेडर’, ‘फुटर’ आणि ‘नॅव्ह’ हे अधिकृत टॅग झाले. लोक काय करतात ते पाहून नियम बनवण्याचे हे दुर्मीळ उदाहरण इथे मुद्दाम नोंदवले आहे, कारण यापुढे तसे उदाहरण क्वचितच येईल.

ठळक आणि तिरप्या अक्षरांचे प्रकरण याहून नाजूक आहे. आरंभी ‘बी’ म्हणजे ठळक आणि ‘आय’ म्हणजे तिरपे, इतका साधा व्यवहार होता. सुधारकांनी विचारले, ठळक कशासाठी? उत्तर आले, जोर द्यायला. मग तसे म्हणा. म्हणून ‘बी’ जाऊन ‘स्ट्राँग’ आणि ‘आय’ जाऊन ‘ईएम’ वापरावा, अशी दीक्षा दिली गेली. दीक्षा घेणाऱ्यांनी संपूर्ण संकेतस्थळावर ‘शोधा आणि बदला’ची आज्ञा चालवली आणि एका दुपारभरात हजारो पाने अर्थपूर्ण करून टाकली. पुस्तकांची नावे, जहाजांची नावे, वनस्पतींची लॅटिन नावे आता नुसती तिरपी राहिली नाहीत, ती तावातावाने उच्चारली जाऊ लागली. लिहिण्याच्या अनेक साधनांतल्या बटणावर आजही ‘बी’ हेच अक्षर असते. दाबले की आत ‘स्ट्राँग’ उमटतो.

हे स्थिरस्थावर होते न होते तोच एचटीएमएल ५ ने ‘बी’ आणि ‘आय’ यांना माघारी बोलावले, तेही बढती देऊन. ‘आय’ म्हणजे वेगळ्या सुरातला मजकूर: परका शब्द, मनातला विचार, शास्त्रीय नाव. ‘बी’ म्हणजे लक्ष वेधायचे आहे, पण महत्त्व मात्र मुळीच जास्त नाही. ‘स्ट्राँग’ म्हणजे महत्त्व, गांभीर्य, तातडी. ‘ईएम’ म्हणजे बोलताना येणारा आघात. ‘स्मॉल’, जो कालपर्यंत बारीक अक्षर होता, तो आता ‘अटी लागू’ झाला. ‘यू’, म्हणजे अधोरेखन, हा चिनी विशेषनामे आणि चुकलेले शुद्धलेखन दाखवण्यासाठी राखून ठेवला गेला. मराठी शाळेत लाल पेनने तो त्याच कामासाठी कित्येक दशके वापरात आहे.

“ही ओळ ठळक का केली?”

“महत्त्वाची आहे.”

“मग ‘स्ट्राँग’ हवा. ‘बी’ का घातलास?”

“खरं सांगायचं तर तेवढी महत्त्वाची नाहीये.”

“मग ठळक कशाला?”

“क्लायंटने सांगितलं.”

क्लायंटने सांगितले म्हणून ठळक, या अर्थाचा टॅग अद्याप मंजूर झालेला नाही.

मराठीत या सगळ्याची गरज किती, हाही प्रश्नच आहे. वाक्यातला आघात एका शब्दावरून दुसऱ्यावर सरकला की अर्थ कसा बदलतो, हे समजवायला इंग्रजी मानकाला ‘ईएम’ जागोजाग हलवून उदाहरणांची रांग लावावी लागते. मराठीत ते काम ‘च’ हे एक अक्षर करते. ‘मीच डबा उघडला’, ‘मी डबाच उघडला’, ‘मी डबा उघडलाच’: तीन वाक्ये, तीन भांडणे, टॅग शून्य. शिवाय देवनागरीला तिरप्या अक्षराची परंपरा नाही. खास तिरपा टंक हाताशी नसेल तर ब्राउझर उभ्या अक्षरालाच ढकलून वाकवतो आणि वेलांट्या-मात्रा वरंधा घाटातल्या वळणावर एसटीत उभ्या असलेल्या प्रवाशांसारख्या एका अंगाला झुकतात. त्यातून आघाताऐवजी अपघात सूचित होतो.

आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो स्क्रीन रीडर? नेहमीच्या मांडणीत बहुतेक स्क्रीन रीडर ‘ईएम’ आणि ‘स्ट्राँग’ यांची दखलच घेत नाहीत. ते सगळे एका सुरात वाचतात, सत्यनारायणाच्या पोथीसारखे.

पुढच्या भागाकडे जाण्याआधी घरची परिस्थिती सांगणे भाग आहे, कारण यापुढच्या बऱ्याच चिठ्ठ्या दोन हस्ताक्षरांत आहेत. वेबची मानके ठरवणारी जुनी संस्था म्हणजे डब्ल्यूथ्रीसी. तिने डिसेंबर १९९९ मध्ये एचटीएमएल ४.०१ प्रसिद्ध केले आणि ही भाषा पुरे झाली, आता शिस्तीची नवी भाषा आणू, असे ठरवून ती एक्सएचटीएमएलच्या मागे लागली. एक्सएचटीएमएल २ जुन्या पानांशी जुळवून घेणार नव्हती. जून २००४ मध्ये सॅन होजे येथे भरलेल्या कार्यशाळेत ऑपेरा आणि मोझिला या ब्राउझर बनवणाऱ्यांनी जुन्या भाषेचीच डागडुजी सुचवली. हात वर झाले, ८ बाजूने आणि १४ विरोधात. प्रस्ताव पडला आणि दोनच दिवसांत हरलेल्यांनी ॲपलला बरोबर घेऊन ‘व्हॉटडब्ल्यूजी’ या नावाने वेगळी चूल मांडली.

२००७ मध्ये जुन्या चुलीने नव्या चुलीवरचे पातेले उचलून आपल्याकडे ठेवले. काही वर्षे एकच संपादक, तेच हिक्सन, दोन्हीकडे ढवळत होते. २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चे काम थांबवत असल्याचे जाहीर झाले. २०११ मध्ये व्हॉटडब्ल्यूजीने भाषेला आकडा लावणे सोडले: मानक आता ‘जिवंत’ आहे, ते रोज बदलेल. डब्ल्यूथ्रीसीने आकडे चालू ठेवले. २०१४ मध्ये ५, २०१६ मध्ये ५.१, २०१७ मध्ये ५.२. एका घरात दोन चुली आणि दोन्हींवर शिजणाऱ्या पदार्थाचे नाव एकच. खाणाऱ्याने ‘मी मानकाप्रमाणे केले’ म्हटले की ‘कुठल्या?’ हा प्रश्न ठरलेला. २८ मे २०१९ रोजी दोन्ही संस्थांनी करारावर सह्या केल्या आणि एचटीएमएलचे पातेले व्हॉटडब्ल्यूजीकडे गेले. वाटणीपत्र झाले तरी भिंतीवरचे डाग राहतात. त्यांतले काही आता पाहू.

सर्वांत ठसठशीत डाग ‘साइट’ या टॅगचा. देवनागरीत तो संकेतस्थळ या अर्थाच्या ‘साइट’सारखाच दिसतो, त्यामुळे मराठीत शिकवताना पहिली दहा मिनिटे ‘ती साइट नाही, ही साइट’ यातच जातात. हा टॅग संदर्भ देण्यासाठी आहे. एचटीएमएल ४ च्या स्वतःच्याच उदाहरणात त्यात एका माणसाचे नाव होते, आणि तेही साधेसुधे नव्हे, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांचे. व्हॉटडब्ल्यूजीने फर्मावले की ‘साइट’मध्ये फक्त कलाकृतीचे नाव, माणूस म्हणजे कलाकृती नव्हे. एखाद्याला लोक ‘काय नमुना आहे’ म्हणत असले तरी तो नमुना इथे धरला जाणार नाही, अशा अर्थाची इंग्रजी कोटीही मानकात बसवून ठेवली आहे. जगातल्या फार थोड्या कायद्यांत कोट्या असतात; याच्यात आहे, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. वेब डेव्हलपर जेरेमी कीथ यांनी २००९ मध्ये याविरुद्ध चक्क सविनय कायदेभंगाची हाक दिली. मिठाऐवजी टॅग, पण तत्त्व तेच. डब्ल्यूथ्रीसीने २०१४ च्या मानकात माणसाला परत आत घेतले. व्हॉटडब्ल्यूजीने बाहेरच ठेवले. करारानंतर माणूस पुन्हा बाहेर आहे. ज्याने २००५ मध्ये पान लिहून परत कधी उघडलेच नाही, तो या काळात बरोबर होता, मग चूक झाला, मग अर्धा बरोबर झाला, मग पुन्हा चूक. आणि त्याला यातले काहीच माहीत नाही.

याच टॅगच्या शेजारी राहणारा ‘ब्लॉककोट’ हा लांब अवतरणासाठी आहे. अवतरण कोणाचे, ते नाव आत लिहायचे की बाहेर? व्हॉटडब्ल्यूजी म्हणे बाहेर, कारण स्वतःचे नाव काही तो माणूस बोलला नव्हता. डब्ल्यूथ्रीसी २०१४ मध्ये म्हणे आतही चालेल. चपला उंबऱ्याच्या आत काढाव्यात की बाहेर, या प्रश्नाइतकाच हा घरगुती आहे आणि तितक्याच निष्ठेने लढवला जातो.

‘टाइम’ हा टॅग ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस मानकातून काढण्यात आला, आरडाओरडा झाला आणि काही आठवड्यांत तो परत आला. वेळ जाते आणि परत येत नाही, हा समज त्यामुळे मोडीत निघाला. ‘मेन’, म्हणजे पानाचा मुख्य मजकूर, हा टॅग तर हिक्सन यांना नकोच होता: डोके, पाय, बाजू आणि दिशादर्शक काढून टाकले की उरते ते मुख्य, वेगळे नाव कशाला? संशयितांना एकेक करून वगळण्याच्या या रीतीला कार्टूनमधल्या कुत्र्यावरून ‘स्कूबी-डू’ पद्धत असे टोपणनाव मिळाले. शेवटी टॅग आलाच. ‘अ‍ॅक्रोनिम’ आणि ‘अ‍ॅब्रिव्हिएशन’ यांचे भांडण आता इतिहासजमा आहे. तरीही म्हाडा आणि सिडको हे शब्द म्हणून उच्चारले जातात आणि एसटी अक्षरे म्हणून, तर मग कोणते कशात, यावर एकेकाळी सुशिक्षित माणसांनी उमेदीची वर्षे खर्च केली, हे विसरू नये. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला ‘अ‍ॅब्रिव्हिएशन’चा टॅग समजतच नसे, हा त्या वादातला सर्वांत निर्णायक युक्तिवाद होता.

आता ‘सेक्शन’ आणि ‘आर्टिकल’. हे प्रकरण सावकाश घ्यावे लागेल.

‘आर्टिकल’ म्हणजे जे सुटे काढून दुसरीकडे नेले तरी स्वतःच्या पायावर उभे राहील ते. वर्तमानपत्रातला लेख, मासिकातला लेख. इथवर सोपे आहे. पण मानकाच्या यादीत वाचकाची प्रतिक्रियाही ‘आर्टिकल’ आहे आणि पानावरचा हलता-बोलता एखादा विजेटही. म्हणजे संपादकीय हा लेख, त्याखालची ‘मस्त!’ ही प्रतिक्रिया हाही लेख. मराठी दिवाळी अंकांचे संपादक इतके उदार झाले तर अंक पाडव्यापर्यंत छापून होणार नाहीत. ‘सेक्शन’ म्हणजे एका विषयाचा गट, शक्यतो शीर्षक असलेला. रविवारची पुरवणी हा ‘सेक्शन’, तिच्यात ‘आर्टिकल’, त्या लेखाच्या पोटात उपशीर्षकांखाली पुन्हा ‘सेक्शन’. दोन्ही एकमेकांच्या आत राहू शकतात, म्हणून कोण कोणाच्या घरी राहतो हे बाहेरच्याला कळत नाही. ‘डिव्ह’ केव्हा, ‘सेक्शन’ केव्हा हे ठरवण्यासाठी बाणांचे तक्ते निघाले. नवशिके ते छापून भिंतीवर लावत. तक्त्यातला प्रत्येक बाण एका प्रश्नाकडे जाई, आणि घाईत असलेल्याचा बोटाने चाललेला प्रवास कुठूनही निघाला तरी ‘डिव्ह’पाशी संपे.

“हा ‘सेक्शन’ आहे का?”

“शीर्षक आहे?”

“नाही.”

“मग ‘डिव्ह’ कर.”

“शीर्षक घालतो की.”

“डिझाइनमध्ये नाहीये.”

“अदृश्य घालतो.”

या टप्प्यावर वरिष्ठ चहाला जातात.

‘सेक्शन’च्या मागे एक फार जुने स्वप्न होते. एच१ पासून एच६ पर्यंत शीर्षकांच्या ठरीव सहा पातळ्या बर्नर्स-ली यांना मुळातच रुचत नव्हत्या. त्याऐवजी एकात एक घालता येतील असे ‘सेक्शन’ आणि सगळ्यांसाठी एकच शीर्षक-टॅग आपल्याला आवडला असता, असे त्यांनी ऑक्टोबर १९९१ मध्येच लिहून ठेवले होते. एचटीएमएल ५ ने ते मनावर घेतले. सगळीकडे खुशाल एच१ लिहा. तो किती खोल ‘सेक्शन’मध्ये आहे ते मोजून यंत्र स्वतःच पातळी ठरवेल. या मोजणीला ‘आउटलाइन अल्गोरिदम’ म्हणत. मानकात तिचे वर्णन पायरीपायरीने, कोणी उद्याच बांधायला घेईल अशा तपशिलात होते.

कोणीही बांधायला घेतले नाही. कुठल्याही ब्राउझरने ती पातळी मोजून स्क्रीन रीडरपर्यंत पोचवली नाही. ब्राउझरांनी केले ते एवढेच की आत आत जाणाऱ्या एच१ चे अक्षर बारीक केले. पाहणाऱ्याला वाटे, व्यवस्था चालू झाली. ऐकणाऱ्याला मात्र पानावरचे प्रत्येक शीर्षक ‘पातळी एक’ असेच ऐकू येई, जणू लग्नात सगळेच मुख्य पाहुणे. गावात नळयोजनेचा फलक लागावा, पाइप पुरले जावेत, घरोघर तोट्याही बसाव्यात आणि पाणी तेवढे नसावे, तशी ही योजना होती. डब्ल्यूथ्रीसीच्या २०१४ च्या मानकात तर योजनेच्या वर्णनाबरोबर ‘ही योजना ब्राउझरांत कुठेही अमलात आलेली नाही, विसंबून राहू नये’ अशा आशयाचा इशाराही छापला होता. तरी शिकवणी वर्गांत ती शिकवली जात राहिली आणि मुलाखतींत विचारली जात राहिली. तोटी फिरवून पाहण्याचे कष्ट न घेता ती समजावून सांगणाऱ्यांत प्रस्तुत लेखकाचाही समावेश होता, हे इथे ओझरते नोंदवले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये व्हॉटडब्ल्यूजीने योजना गुंडाळली. १९९१ ची इच्छा एकतीस वर्षांनी रीतसर अपूर्ण राहिली.

मधल्या काळात या योजनेच्या जिवावर ‘एचग्रूप’ नावाचा एक टॅग जन्मला होता. शीर्षकाखालचे उपशीर्षक मोजणीत धरले जाऊ नये म्हणून त्याला आडोसा देणे, हे त्याचे काम. डब्ल्यूथ्रीसीने २०१३ मध्ये त्याला काढले, व्हॉटडब्ल्यूजीने ठेवले. मोजणीच रद्द झाल्यावर त्याची नोकरी जायला हवी होती. त्याऐवजी त्याला नवी व्याख्या देऊन दुसऱ्या खात्यात सामावून घेण्यात आले. सरकारी आस्थापनेचा अनुभव असलेल्या वाचकांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

आणि ‘सेक्शन’? त्याला नाव दिलेले नसेल तर स्क्रीन रीडर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. चिठ्ठी आहे, पण कोरी. म्हणजे बाणांचा तक्ता भिंतीवर लावून, अदृश्य शीर्षकावर वाद घालून जो निवडला, तो ऐकणाऱ्याच्या लेखी ‘डिव्ह’च.

संभाषण कसे लिहावे, हाही एक प्रश्न आहे. समजा नाट्यमंडळाला आपल्या एकांकिकेची संहिता वेबवर टाकायची आहे. एचटीएमएल ४ मध्ये ‘डीएल’ नावाची यादी होती, शब्द आणि त्याची व्याख्या यांसाठी. तिथेच असेही सुचवले होते की ‘डीटी’मध्ये पात्राचे नाव आणि ‘डीडी’मध्ये त्याचे वाक्य घालून संवादही लिहिता येतील. नाट्यमंडळ खूश. एचटीएमएल ५ च्या आरंभीच्या मसुद्यात संभाषणासाठी खास ‘डायलॉग’ हा टॅग आला. नाट्यमंडळाने संहिता नव्याने लिहिली. २००९ मध्ये तो टॅग गेला. ‘डीएल’कडे परत जावे तर नव्या मानकात स्पष्ट लिहिलेले, की संवादासाठी ‘डीएल’ अयोग्य. पुढे ‘डायलॉग’ परत आला, पण आता तो पानावर अचानक उघडणारी, ‘कुकीज स्वीकारा’ म्हणणारी चौकट झाला होता. त्यात बोलण्याची मुभा एकाच बाजूला असते. संवादाबद्दल मानकाचा आजचा सल्ला असा: ‘पी’ टॅग घ्यावा, पात्राचे नाव लिहावे, विसर्गासारखे दोन टिंब द्यावेत आणि पुढे वाक्य लिहावे. एकांकिकेच्या वहीत संहिता पहिल्यापासून अशीच लिहिलेली होती.

‘मेनू’ हा टॅगही १९९१ पासूनचा. एचटीएमएल ४ ने तो नापसंत ठरवला, एचटीएमएल ५ ने हॉटेलातून काढलेल्या वेटरला व्यवस्थापक म्हणून परत बोलवावे तसा बोलावला, उजव्या क्लिकची कामे दिली, ती काढून घेतली, आणि आज तो एक साधी यादी आहे. ब्राउझर त्याला ‘यूएल’ या साध्या यादीसारखेच वागवतो.

साध्या यादीबद्दल तरी वाद नसावा, असे वाटेल. ज्या गोष्टींची यादी आहे त्यांना यादीच्या टॅगमध्ये ठेवावे, हे सिमँटिकचे पहिले बालगीत. लोकांनी ते इतके मनावर घेतले की दिशादर्शक यादीत, चित्रे यादीत, बटणे यादीत, आणि यादीपुढचे गोल ठिपके सीएसएसने, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने, गायब. स्क्रीन रीडर वापरणारे ‘यादी, तीन नोंदी, यादी, दोन नोंदी’ ऐकून कातावले. डिव्हायटिस बरा झाला तेव्हा ‘लिस्टायटिस’ झाला होता. मग ॲपलच्या सफारीने निर्णय घेतला: ठिपके गायब असतील तर ती यादी समजायची नाही, व्हॉइसओव्हर या आपल्या स्क्रीन रीडरलाही तसे सांगायचे नाही. दिशादर्शकातल्या यादीला पुढे सूट मिळाली. बाकीच्यांनी आपण यादी आहोत हे वेगळे प्रतिज्ञापत्र द्यायचे, म्हणजे ‘एरिया’च्या नियमांप्रमाणे टॅगवर ‘रोल: यादी’ असे लिहायचे.

‘एरिया’ ही टॅगांना जादा अर्थ जोडण्याची पद्धत, आणि तिचा पहिला नियम असा आहे की साधा टॅग पुरत असेल तर ती वापरू नये. यादीच्या टॅगवर ‘ही यादी आहे’ असे लिहिलेले दिसले की मानक तपासणारा व्हॅलिडेटर पिवळा इशारा देतो: अनावश्यक. कामाच्या टोळीत व्हॅलिडेटर मानणारा एक आणि आयफोन घेऊन ऐकून पाहणारी एक, अशी दोघे असली की सोमवारी रोल निघतो, मंगळवारी यादी मुकी झाल्याची तक्रार येते, बुधवारी रोल परत येतो आणि गुरुवारी पिवळा इशारा.

यावर शोधलेली तोड अशी. सीएसएसमधून प्रत्येक नोंदीच्या आधी ठिपक्याऐवजी एक असे अक्षर घालायचे, ज्याची रुंदी शून्य आहे. ते दिसत नाही, वाचले जात नाही, जागा व्यापत नाही. पण सफारीला वाटते, काहीतरी आहे, म्हणजे यादी असावी. व्हॅलिडेटर एचटीएमएल तेवढे पाहतो, म्हणून तोही गप्प. डेव्हिड सीगलच्या काळात तिथे एक पिक्सेल रुंदीचे अदृश्य चित्र असे.

“या ओळीत काय आहे?”

“काही नाही, सर.”

“मग काढून टाकू?”

“नको.”